वेंगुर्ला रोडच्या दुसऱ्या टोकाला

बेळगावच्या माणसाला वेंगुर्ला रोड सांगावा लागत नाही. हिंडलग्याचा तुरुंग, सुळगा, उचगाव फाट्यावर मळेकरणी देवीला निघालेल्यांची गर्दी, मग बाची आणि तिथं राज्याची हद्द. आमचं घर याच रस्त्याला आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून बँकेत, शाळेत, रेशन कार्डावर हाच पत्ता लिहीत आले. पण समुद्र बघायचा म्हटलं की आमच्याकडची घरं गोव्याला जातात, नाहीतर मालवणला. पहाटे निघायचं, सिंधुदुर्ग बघायचा, जेवायचं, लाटांत पाय बुडवायचे आणि रात्री घाट चढून परत. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत, त्यामुळं तिकडचा ओघ वाढलाय. त्या किल्ल्यांना तो मान मिळायलाच हवा होता. आम्ही यंदा ठरवलं ते असं की आपल्याच रस्त्याचं दुसरं टोक, म्हणजे समुद्राकाठचं वेंगुर्ला, बघायचं, आणि नुसतं बघून न येता तिथं राहायचं.

राहण्यावर माझा जोर होता. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना गाडीतून उतर-चढ फार झेपत नाही. शिवाय एका दिवसात उरकलेली जुनी वास्तू मनात राहत नाही, हा माझा अनुभव आहे. शाळेतल्या मुलांना सहलीला नेते तेव्हा हेच दिसतं. फाटकातून आत, फलक वाचला, फोटो काढला, शिट्टी वाजली, बाहेर. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "समुद्र काय पळून जातोय होय? निवांत बसून बघू की."

खोली शोधायला लागलो तेव्हा कळलं, 'समुद्रासमोर' या शब्दाला कुठलंच माप नाही. फोटोत लाटा दिसतात आणि विचारल्यावर कळतं की मधे डांबरी रस्ता, दोन वाड्या आणि एक चढ आहे. एके ठिकाणी तर आगाऊ पैसे पाठवा म्हणाले, पण खोलीचं दार कुठल्या बाजूला उघडतं हे काही सांगेनात. तो नाद सोडला. मग मी वहीत प्रश्नच लिहून काढले. पायऱ्या किती, जिना आहे का? संडास पाश्चात्त्य पद्धतीचा आहे का? पाणी विहिरीचं की टँकरचं? अंघोळीला गरम पाणी किती वाजता मिळतं? वीज गेली तर पंखा चालतो का? किनाऱ्यापर्यंत वाळूतून चालावं लागतं की पायवाट आहे? म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणाऱ्यानं हे सगळं फोनवरच विचारून घ्यावं, त्यात संकोच नको.

शेवटी नवऱ्याच्या ओळखीतून वेंगुर्ल्याजवळ उभादांड्याच्या बाजूचं एक घर मिळालं. घरमालक तिथंच राहतात, मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात. फोनवर वहिनींनी माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि मग त्यांनी एकच विचारलं, "तुमी मासे खातास मां? वार खयचे पाळतास?" बस्स, तिथंच मला खात्री पटली. सोमवार, गुरुवार, संकष्टी, पौर्णिमा, घरातल्या प्रत्येकाचं काय काय असतं ते त्यांनी लिहून घेतलं. थोडी रक्कम आगाऊ, मोठ्या माणसांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स, आणि जेवण आदल्या संध्याकाळी सांगायचं, एवढीच बोली. मासळीचा भाव बंदरावर ठरतो, त्यामुळं थाळीचा दर त्या दिवशी कळेल, हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं.

माघातली पौर्णिमा धरून निघालो. बाची मागं पडली, शिनोळी आली आणि सासूबाई बोलायला लागल्या. त्यांचं माहेर चंदगड तालुक्यात. त्या लहान होत्या तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, चंदगड कोल्हापूरला जोडलं गेलं आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्यांच्या वडिलांना कचेरीची कामं घेऊन बेळगावला जायची सवय, ती एकदम मोडली. बाजार मात्र बेळगावचाच राहिला आणि सोयरिकीही. पाटणे फाटा, नागनवाडी करत आम्ही चंदगड ओलांडलं. त्या प्रत्येक वळणावर कुणाचं घर, कुणाची काजूबाग ते सांगत होत्या. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाला हात जोडले. हीच नदी आजऱ्यावरून पुढं आमच्या संकेश्वरला येते. घाट उतरताना कानात दडे बसले. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास आहे, ती सगळी उंची या एका घाटात खाली टाकायची. दाणोलीला साटम महाराजांचं दर्शन घेतलं, सावंतवाडीत चहा घेतला आणि तुळसवरून वेंगुर्ल्यात उतरलो.

हा रस्ता कुणी सहलीसाठी केलेला नाही. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला इंग्रजांकडे गेलं आणि १८१८मध्ये बेळगावचा किल्ला त्यांच्या हाती पडला. बेळगावात लष्कराची छावणी बसली, तो आजचा कॅम्प. त्या छावणीला लागणारा माल मुंबईहून जहाजानं वेंगुर्ल्याला उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. धारवाड-हुबळीकडचा कापूस उलट दिशेनं बंदरावर जायचा. १८८०च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे बेळगावला आली, लोंढ्यावरून मार्मागोव्याशी जोडली गेली आणि वेंगुर्ल्याचं बंदर ओस पडायला लागलं. रस्त्याचं नाव तेवढं आमच्या पत्त्यात राहिलं. शाळेत आम्ही मुलांना सुएझ कालवा शिकवतो, पण दाराशी असलेला हा रस्ता कशाला झाला ते सांगत नाही. याची मला खरंच खंत वाटते.

घर जांभ्याचं, वर मंगलोरी कौलं. पुढं सारवलेलं खळं, मधोमध तुळस, पडवीत लाकडी बाकडं. खळ्याच्या कडेला माड, माडांपलीकडं सुरूची झाडं आणि सुरूंच्या बुंध्यांमधून थेट पाणी. वहिनींनी आल्या आल्या दोन गोष्टी दाखवल्या. एक, विहिरीजवळचा नळ, जिथं पायाची वाळू धुऊनच घरात यायचं. दुसरी, ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या बादल्या. वेंगुर्ले नगरपरिषदेचं कचऱ्याचं काम देशभर नावाजलं गेलंय, त्याची सवय आसपासच्या घरांनाही लागलेली दिसली. खोली साधी होती. पलंग, कपाट, खिडकीला जाळी, चादरी उन्हात वाळवलेल्या. दमट हवेत टॉवेल वाळत नाहीत, म्हणून जाणाऱ्यानं घरून जास्तीचे न्यावेत. अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबातलं, त्याला धुराचा किंचित वास. सासूबाईंना त्यांच्या माहेरची न्हाणी आठवली आणि त्या कधी नव्हे इतका वेळ अंघोळीला लागल्या.

पहिल्या रात्री जेवण झाल्यावर वहिनींचे सासरे आमच्याबरोबर पडवीत बसले. सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. आम्ही बेळगावचे म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "माझ्या आज्याच्या वेळार बेळगावाक जाणारे बैलगाडये हयसून सुटत," म्हणाले. नारळ, सुकी मासळी, मीठ वर जायचं. येताना मिरची, कडधान्य, गूळ यायचा. घाटात बैल बदलायची जागा ठरलेली असे. मी त्यांना आमच्या पत्त्याचं सांगितलं, तर म्हणाले, "मगे तुमी एकाच रस्त्यावरचे. शेजारी."

भरतीचं गणितही त्यांनीच शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती भरलेली असते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी सव्वाअकराला पाणी पुरं चढलेलं आणि त्यानंतर सहा-एक तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती. मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात, पण आमच्या पोरानं त्या रात्री कालनिर्णय समोर घेऊन महिन्याच्या सगळ्या तिथी लावून बघितल्या. पुढचे सगळे बेत आम्ही या हिशेबानं आखले आणि त्याचा फायदा कुठं झाला ते पुढं सांगते. दूर पाण्यात एक दिवा लुकलुकत होता. तो वेंगुर्ला रॉक्सवरच्या दीपगृहाचा. त्या खडकांच्या कपारींत पाकोळ्या घरटी करतात.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढायचं काम चाललं होतं. होडीनं जाळं अर्धगोल टाकून येतात आणि मग किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसं लागतात. पंधरा-वीस जण एका बाजूला, तेवढेच दुसऱ्या. दोर कमरेला अडकवून उलट पावलांनी मागं सरकायचं. पोरगा बघत उभा होता, त्याला एकानं हाताला धरून दोराला लावलं. जाळ्याचं पोट किनाऱ्याला लागायला बराच वेळ गेला. आत बांगडे, पेडवे, थोडी कोळंबी, एक मोरीचं, म्हणजे शार्कचं, पिल्लू. वाटणी वाळूतच झाली. दोर ओढला त्याला वाटा मिळतो, ही रापणीची रीत आहे. पोराच्या हातात एका म्हाताऱ्यानं बांगडे ठेवले. तो नको नको म्हणाला, तर त्या म्हाताऱ्यांनी जरा दरडावूनच सांगितलं, "वडलंस मां? मगे घे." दुपारी वहिनींनी तेच बांगडे तिरफळ घालून केले. तिरफळाचा वास बोटांना संध्याकाळपर्यंत होता.

वेंगुर्ल्याची डच वखार, म्हणजे हॉलंडच्या व्यापाऱ्यांची जुनी कोठी, बघायला आम्ही ऊन उतरल्यावर गेलो. गावातच आहे, विचारलं की कुणीही दाखवतं. वखार म्हणजे एखादं गोदाम असेल अशी माझी कल्पना होती. समोर उभी राहिले तेव्हा आकारानंच गप्प झाले. जांभ्याच्या जाड भिंती, दोन मजल्यांची उंची, छप्पर गेलेलं, वडा-पिंपळाची मुळं दगडांच्या सांध्यांतून खाली उतरलेली. वरच्या मजल्याच्या तुळया जिथं टेकत त्या खाचा अजून ओळखू येतात. आत जाण्यासारखी अवस्था नाही, त्यामुळं आम्ही बाहेरूनच फिरून बघितलं. सासूबाई सावलीत बसल्या आणि मी पोराला सांगत राहिले.

१६३८च्या सुमारास डचांनी इथं बस्तान बसवलं. मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीचा, बेळगावही त्याच राज्यात. डचांना गोव्याच्या पोर्तुगीजांना जेरीस आणायचं होतं. पावसाळा सरला की त्यांची गलबतं मांडवीच्या तोंडाशी जाऊन वाट अडवून बसायची आणि त्यांना पाणी, धान्य, बातम्या पुरवायला गोव्याच्या उत्तरेला जवळचं बंदर हवं होतं. ते वेंगुर्ला. शिवाय घाटावरचा माल इथं उतरायचा. आपल्या बेळगावकडच्या रायबागची आणि अथणीची पेठ त्या काळात परदेशी व्यापाऱ्यांना चांगली माहीत होती. रायबागचं नाव आज कुणी इतिहासाच्या संदर्भात घेत नाही. पण तिथल्या बाजारात काय भाव आहे याची चौकशी सात समुद्रांपलीकडची माणसं करत होती.

याहून मोठी गोष्ट म्हणजे इथून लिहिलेली पत्रं. वेंगुर्ल्याच्या वखारीतले डच अधिकारी शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या वरिष्ठांना कळवत असत. ती पत्रं शिवकालाचा अभ्यास करणाऱ्यांना आजही लागतात. महाराज कुठं आहेत, कोकणात कधी उतरले, आरमार कसं वाढतंय, हे याच भिंतींच्या आत बसून कुणीतरी बोरूनं लिहीत होतं. एवढी वास्तू राज्य संरक्षित स्मारक आहे आणि तिची ही स्थिती. मुळं हळूहळू भिंत फोडतात. एक पावसाळा, दोन पावसाळे, आणि एके दिवशी एक कमान खाली. जांभा दगड मऊ, त्यात कोकणातला पाऊस. तिला आधी छप्पर हवं आणि मुळं काढणारी जाणकार माणसं हवीत, रंगरंगोटीची काहीच घाई नाही. तिथं उभं राहून मला रडू आलं हे लिहायला मला संकोच वाटत नाही. बेळगावच्या लोकांनीही हे मागितलं पाहिजे. ही वखार आपल्याही बाजारपेठेच्या इतिहासाची आहे.

बंदरावर नंतर गेलो. टेकडीवरचं दीपगृह, खाली धक्का, जवळच नवाबागचा झुलता पूल. तिथं फार लिहिण्यासारखं काही नाही, पण सूर्य बुडायच्या वेळी बसायला जागा छान आहे.

पौर्णिमेचा दिवस रेडीसाठी ठेवला होता. वाटेत आरवलीला वेतोबाचं दर्शन घेतलं. गाभाऱ्यात उभी असलेली ती उंच मूर्ती, आणि तिच्यासाठी लोकांनी वाहिलेल्या चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. नवसाला केळ्यांचे घड. सासूबाईंनी एक चप्पल जवळून निरखली आणि शिलाई बघून म्हणाल्या, कारागीर मन लावून काम करणारा आहे. शिरोड्याची मिठागरं गाडीतूनच बघितली. १९३०च्या मे महिन्यात इथं मिठाचा सत्याग्रह झाला होता.

यशवंतगड रेडीच्या खाडीवर आहे. गाडीनं जवळ जाता येतं, मग थोडं चालायचं. सासूबाई पहिल्या दरवाजापाशी ओट्यावर बसल्या, त्यांच्याजवळ नवरा थांबला, आणि मी व मुलं वर गेलो. एकामागून एक दरवाजे, खोल खंदक, आत वाड्याच्या भिंती आणि कमानी. झाडांची मुळं इथंही आहेत, पण वखारीपेक्षा गड पुष्कळ राखलेला वाटला. वाटेवर पाला असतो, पायात बूट असलेले बरे, आणि पावसाळ्यात शेवाळ धरतं तेव्हा म्हाताऱ्यांना नेऊ नये. तटावरून खाली बघितलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. भरती पुरती चढलेली. खाडीचं तोंड काठोकाठ भरलेलं, निळं-हिरवं पाणी आत दूरपर्यंत शिरलेलं. एक होडी इंजिन मंद करून सहज आत आली.

तिथून तेरेखोल जवळ. १७४६ साली पोर्तुगीज व्हॉइसरॉयनं, ज्याला आलोर्नाचा मार्किस म्हणतात, सावंतवाडीच्या सावंतांकडून रेडी आणि तेरेखोल घेतले. रेडी पुढं परत सावंतांकडं आलं, तेरेखोल मात्र पोर्तुगीजांकडंच राहिलं. म्हणून तेरेखोल नदीच्या अलीकडं, महाराष्ट्राच्या बाजूला असूनही आज ते गोव्यात आहे. किल्ला लहान, आत सेंट अँथनीचं चर्च, आणि राहण्याचं हॉटेलही आहे. समोर नदीपलीकडं केरीची वाळू. १५ ऑगस्ट १९५४ला सत्याग्रही या किल्ल्यात शिरले होते आणि त्यांनी तिरंगा लावला होता. गोवा मुक्तीच्या लढ्याची कितीतरी सूत्रं तेव्हा बेळगावातून हलायची, सत्याग्रहींच्या तुकड्या आमच्या गावातून निघायच्या, त्यांना घराघरांतून भाकरी जायच्या. सासूबाईंच्या सासरी, म्हणजे आमच्या आजच्या घरी, असे सत्याग्रही जेवून गेलेत असं त्या सांगतात. किल्ल्याच्या तटाला हात लावून त्या थोडा वेळ थांबल्या. म्हणाल्या, "हितवर आलेली होय ती पोरं."

परतीला मी हट्टानं गाडी पुन्हा रेडीला घेतली. पाच वाजून गेलेले. नवऱ्याला आधी कळेना, बघून झालेला गड परत कशाला. पण वर गेल्यावर तोही बोलायचा थांबला. सकाळी जिथं भरलेलं पाणी होतं तिथं वाळूचा दांडा उघडा पडला होता. खाडीतून समुद्रात जायला एक अरुंद पाट तेवढा राहिलेला, आणि तो बरोबर गडाच्या नजरेखालून जातो. म्हणजे गलबत आत यायचं तर भरतीची वाट बघत बाहेर थांबणार, तटावरून दिसणार, आणि आत शिरल्यावर सुकती लागली तर लवकर बाहेर पडता येणार नाही. गड इथं का बांधला, हे कुठल्या फलकावर वाचून इतकं लख्ख कळलं नसतं. आदिलशाही, मराठे, सावंत, पोर्तुगीज, आणि १८१९मध्ये निवती व रेडी घेणारे इंग्रज, सगळे या एका पाटाच्या पाण्यासाठी झगडत होते. पोरानं सकाळचा आणि संध्याकाळचा फोटो शेजारी शेजारी ठेवले. वर्गात दाखवायला ते मी मोठे करून घेतलेत.

म्हणून माझं सांगणं आहे की समुद्राकाठचा किल्ला भरतीला बघावा आणि सुकतीलाही बघावा. त्यासाठी जवळ मुक्काम लागतो, दुसरा उपाय नाही. मालवणला जाणाऱ्यांनीही तिथं एक रात्र काढावी आणि सिंधुदुर्गाकडं किनाऱ्यावरून दोन्ही वेळा बघावं. २५ नोव्हेंबर १६६४ला त्या बेटावर पायाभरणी झाली. भोवतीच्या खडकांतून होडी कुठून न्यायची हे माहीत असणारा माणूसच आत जाऊ शकत होता. पाणी उतरतं तेव्हा ते खडक डोकं वर काढतात.

पौर्णिमेच्या रात्री सासूबाईंसाठी वेगळं ताट होतं. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. वहिनींनी फोनवर लिहून घेतलेलं विसरल्या नव्हत्या. आमच्या ताटात सुरमई होती, पण पोरानं अर्धं जेवण आजीच्या ताटातलंच केलं. घाटावर आपण काळा वाटाणा फारसा करत नाही. वहिनींनी कृती सांगितली, ती अशी: वाटाणा रात्रभर भिजवायचा, शिजवताना चिमूटभर मीठ, वाटणात कांदा-खोबरं चांगलं काळपट होईस्तोवर भाजायचं, आणि मालवणी मसाला घातल्यावर पाणी गरमच घालायचं. आमच्याकडं बेळगावला केली तेव्हा चव जवळपास आली, पण आमचं पाणी जड, वाटाणा शिजायला जास्त शिट्ट्या लागतात.

जाण्याचा काळ म्हणाल तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंत उत्तम. एप्रिल-मे मध्ये उकाडा फार, पण आंबा, काजू, फणस असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, समुद्रही खवळलेला, त्यामुळं पावसाळ्यात ताज्या मासळीची आशा धरून जाऊ नये. पाण्यात उतरण्याआधी घरच्या माणसांना विचारावं, कुठं ओढ आहे ते त्यांनाच माहीत असतं. बेळगावहून सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडं एसटीनंही जाता येतं, पण तिथून आरवली, रेडी, तेरेखोल करायला रिक्षा ठरवावी लागते. ती वहिनींसारखी घरची माणसं ठरवून देतात आणि दरही रास्त असतो.

निघायच्या सकाळी हिशेब झाला. जेवणांची नोंद वहीत रोजच्या रोज लिहिलेली होती, आधी सांगितल्यापेक्षा एक पैसाही वर नाही. आमसुलं, कोकमाचं आगळ, थोडी सुकी कोळंबी बांधून घेतली. वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे. 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या काजूच्या जाती तिथल्याच, आणि चंदगड-खानापूरच्या बागांतून त्या आता सगळीकडं दिसतात. सासूबाईंच्या भावानं कलमं आणायला सांगितली होती, पण कलमं पावसाच्या तोंडाला लावायची असतात, तेव्हा ते काम जूनवर गेलं. आजोबांनी सासूबाईंना नारळ दिले आणि सांगितलं, "परत येशात तेव्हा आमास धरून येवा. सुकती तेव्हाय लांब जाता."

दिवाळीनंतरच्या अमावास्येला खोली सांगून ठेवली आहे. या वेळी आमच्या गल्लीतली आणखी दोन घरं बरोबर आहेत, त्यांच्यासाठी शेजारच्या घरी सोय झाली. वखारीच्या दुरुस्तीसाठी पुरातत्त्व खात्याला द्यायचा अर्ज मी मराठीतून लिहून ठेवलाय आणि सह्या घ्यायला सुरुवात केलीय. वेंगुर्ला रोडवर राहणाऱ्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी सुळग्याच्या बसस्टॉपवर कुणालाही विचारावं, बाईंचं घर कुठलं म्हणून.